इझुमो ताइशाला आई-बाबांना घेऊन जाताना: एका दिवसात होईल का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ओसाकात राहता. नोव्हेंबरमध्ये आई-बाबा कोल्हापूरहून येताहेत, दोघंही सत्तरीच्या आसपास, बाबांचे गुडघे कुरकुरतात. त्यांना शिमाने प्रांतातल्या इझुमो ताइशा या शिंतो देवस्थानाला न्यायचं आहे. सकाळी निघून रात्री परत येता येईल का, पूजेला काय न्यायचं, आत सोडतात का आणि शाकाहारी माणसांनी तिथं काय खायचं, हे तुम्ही विचारलंत.

एका दिवसात जाऊन येणं वेळापत्रकानुसार शक्य आहे, पण वयस्कर माणसांना घेऊन ते करू नका. शिन-ओसाकाहून ओकायामापर्यंत शिंकान्सेनने पाऊण तास, तिथून ‘याकुमो’ एक्स्प्रेसने इझुमो-शी स्टेशनपर्यंत सुमारे तीन तास, पुढे बसने 25 मिनिटं. गाड्या बदलणं आणि वाट पाहणं धरून एका बाजूचे पाच तास होतात. म्हणजे दहा तास प्रवास आणि हातात जेमतेम तीन तास, त्यातही परतीच्या गाडीकडे लक्ष. तुम्ही एकटे असतात तर ‘करा’ म्हटलं असतं. आई-बाबांसाठी एक मुक्काम ठेवाच.

मुक्कामाचा आग्रह धरायला थकव्यापेक्षा मोठं कारण दर्शनाचं आहे. आपल्याकडे देवळात जायचं म्हणजे रांगेत उभं राहून गाभाऱ्यापर्यंत पोचायचं आणि मूर्ती डोळे भरून पाहायची. इझुमोत मूर्ती दिसत नाही. मुख्य देऊळ, ज्याला होन्देन म्हणतात, ते कुंपणाच्या आत आहे आणि भाविक यात्सुआशीमोन या दरवाजाबाहेरूनच नमस्कार करतात. जपानी माणूसही तिथंच थांबतो, परदेशी पाहुण्यासाठी वेगळा नियम नाही. नववर्षाच्या पहिल्या काही दिवसांत हा दरवाजा उघडतात आणि लोकांना आतल्या अंगणात सोडतात, पण होन्देनमध्ये तेव्हाही नाही. हे माहीत नसलेली मंडळी वीस मिनिटांत नमस्कार उरकतात, जाड दोराखाली फोटो काढतात आणि ‘एवढ्यासाठी एवढ्या लांब?’ म्हणत परततात. इझुमोचं दर्शन आहे ते देवळाभोवती शांतपणे फिरण्यात. त्यासाठी फक्त आवाराला दोन-अडीच तास मोकळे हवेत, आणि ते सकाळी लवकर मिळाले तर उत्तम. आवार सकाळी सहाला उघडतं. पर्यटकांच्या बस यायला लागण्याआधीचा वेळ सगळ्यात चांगला.

आता नोव्हेंबरबद्दल, कारण इथं तारीख फार महत्त्वाची आहे. जुन्या चांद्र पंचांगाच्या दहाव्या महिन्यात जपानभरचे देव इझुमोत जमतात अशी श्रद्धा आहे. बाकी देशात तो ‘देव नसलेला महिना’, फक्त इझुमोत ‘देव असलेला महिना’. त्या महिन्याच्या दहाव्या तिथीला संध्याकाळी इनासा किनाऱ्यावर होळ्या पेटवून समुद्राकडून येणाऱ्या देवांचं स्वागत होतं. त्याला कामिमुकाए म्हणतात. मग सतराव्या तिथीपर्यंत देवांची सभा चालते. नाती जुळवण्याचे, म्हणजे कोणाची गाठ कोणाशी पडायची याचे निर्णय या सभेत होतात असं मानतात. लग्नाची नाती त्यात येतातच, मैत्रीची आणि कामधंद्याचीही येतात.

आईंना एक गोष्ट आवर्जून सांगा. आपला कार्तिक आणि तिकडचा दहावा महिना बऱ्याच वर्षी एकच असतो. त्यामुळे हे स्वागत कार्तिकी एकादशीच्या एक-दोन दिवस आधी येतं. 2023 मध्ये ते 22 नोव्हेंबरला होतं आणि कार्तिकी 23 ला. 2024 मध्ये 10 नोव्हेंबरला, कार्तिकी 12 ला. पण तिकडचा अधिक महिना आपल्या अधिक महिन्याच्या वर्षी पडेलच असं नाही, आणि मग महिन्याचा फरक पडतो. 2025 मध्ये कार्तिकी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच होऊन गेली आणि कामिमुकाए 29 नोव्हेंबरला झालं. तेव्हा कालनिर्णय पाहून तिकिटं काढू नका, देवस्थानाने जाहीर केलेली तारीख पाहा.

स्वागताच्या रात्री जायचं का? गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन नाही. वाळूत अंधारात, समुद्राच्या वाऱ्यात दीड-दोन तास उभं राहावं लागतं, गर्दी हजारोंची असते आणि जवळची हॉटेलं कित्येक महिने आधी भरतात. त्याऐवजी सभेच्या मधल्या दिवसांत जा. त्या दिवसांत आवाराच्या पूर्वेला आणि पश्चिमेला असलेल्या ‘ज्यूकुशा’ या दोन लांबट इमारतींची दारं उघडी असतात. प्रत्येकीला 19 दारं आहेत आणि पाहुणे देव तिथं उतरतात असं मानतात. एरवी ती बंदच दिसतात. या दिवसांत गावकरी गाणं-बजावणं आणि बांधकाम टाळत आले आहेत, देवांच्या सभेत व्यत्यय नको म्हणून. आपणही आवाज खालीच ठेवावा.

वेळेची आखणी मी अशी सुचवतो. पहिल्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास शिन-ओसाका सोडा, जेवण गाडीतच करा, दुपारी दीड-दोनपर्यंत ताइशाच्या गावात पोचा आणि सामान हॉटेलात टाका. नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, म्हणून सव्वाचारला इनासा किनाऱ्यावर असा. देवस्थानापासून तो चालत पंधरा मिनिटं आहे, बाबांसाठी टॅक्सी करा. दुसऱ्या दिवशी आठच्या आत आवारात, साडेदहापर्यंत निवांत, आणि दुपारनंतरच्या याकुमोने परत. 2024 पासून या गाडीत सगळ्या जागा आरक्षित आहेत, तेव्हा आयत्या वेळी चढू असं धरू नका. जाताना उजव्या बाजूच्या खिडक्या घ्या, मात्सुए सोडल्यावर शिंजी सरोवर त्या बाजूला येतं. मार्ग डोंगरातून वळणावळणाचा आहे. 2024 पासून आलेले नवे डबे जुन्यांपेक्षा कमी हलतात, तरी ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी घ्यावी. पर्यटक व्हिसावर आलेल्यांना रेल्वेचे प्रादेशिक पास मिळतात, पण रहिवासी म्हणून तुम्हाला मिळणार नाहीत. तिघांचा हिशोब एकत्र करूनच पास घ्यायचा की नाही ते ठरवा.

किनाऱ्यावर आधी जायला सांगतो त्याला कारण आहे. तिथून चिमूटभर नाही, पण ओंजळभरापेक्षा कमी वाळू पिशवीत घ्यायची. दुसऱ्या दिवशी मुख्य देवळाच्या मागे असलेल्या सोगा-नो-याशिरोत ती अर्पण करायची आणि तिथल्या लाकडी पेटीतली, आधीच्या भाविकांनी ठेवलेली वाळू थोडी घ्यायची. आपण ठेवली त्यापेक्षा कमी घ्यावी असा शिरस्ता आहे. लोक ती घराभोवती किंवा नव्या जागेवर शुद्धीसाठी टाकतात. बरेच जण देवळात पोचल्यावर हे ऐकतात आणि मग वाळूसाठी धावपळ करतात, किंवा हात हलवत पेटीतून उचलतात. दोन्ही टाळा. आई-बाबांना मात्र ही वाळू कोल्हापूरला न्यायला देऊ नका. परदेशातून माती आणण्यावर भारतात निर्बंध आहेत आणि विमानतळावर वाळूचा खुलासा करत बसावं लागेल. तुमच्या ओसाकाच्या घरी ठेवा.

सगळ्यात जास्त होणारी चूक चुकीच्या बाजूने आत शिरण्याची. मोठं वाहनतळ पश्चिमेला, कागुरादेन या सभागृहाशेजारी आहे, आणि बसचा शेवटचा थांबाही त्याच बाजूला. तिथं उतरलेल्या माणसाला पहिल्यांदा दिसतो तो कागुरादेनचा प्रचंड गवती दोर, सुमारे साडेतेरा मीटर लांब आणि पाच टनांच्या आसपास वजनाचा. हेच मुख्य देऊळ असं वाटून तो तिथंच हात जोडतो आणि कित्येक यात्रेकरू तिथूनच माघारी वळतात. तुम्ही ‘सेइमोन’ म्हणजे मुख्य दरवाजाच्या थांब्यावर उतरा. इचिबाता रेल्वेने आलात तर इझुमो-ताइशा-माए स्टेशनपासून मुख्य दरवाजा पाच-सात मिनिटांवर आहे.

मुख्य दरवाजाच्या पोलादी तोरीखाली, म्हणजे प्रवेशकमानीखाली, एकदा वाकून आत जा. पुढचा रस्ता उतरता आहे. देवळाकडे चढत जायची सवय असलेल्याला हे वेगळं वाटतं. बाबांच्या दृष्टीने लक्षात ठेवायचं ते असं की जाताना सोपं आणि परतताना चढ. त्यामुळे येताना त्यांना पश्चिमेच्या बाजूने बाहेर काढा आणि टॅक्सी तिकडेच बोलवा. उतारावर उजव्या हाताला हाराए-नो-याशिरो हे छोटं देऊळ आहे. मोठ्या देवाकडे जाण्याआधी इथं शुद्ध व्हायचं असतं. बहुतेक लोक ते न पाहता पुढे जातात, तुम्ही थांबा. मग पाइन वृक्षांचा रस्ता लागतो. त्याची मधली वाट सोडून कडेच्या वाटेनं चाला. मधून देवांनी जायचं ही भावना आहेच, शिवाय माणसांच्या पावलांनी झाडांच्या मुळांवरची माती घट्ट होऊन झाडं खचू लागली, म्हणून ती वाट बंद केली आहे.

हात धुण्याची जागा रस्त्याच्या शेवटी आहे. एकदाच पळीभर पाणी घ्यायचं आणि त्यातच सगळं करायचं. पळी उजव्या हातात धरून डावा हात धुवा, डाव्यात घेऊन उजवा. पुन्हा उजव्यात घेऊन डाव्या ओंजळीत पाणी घ्या आणि चूळ भरा, पळीला तोंड लावू नका. डावा हात परत धुवा आणि उरलेल्या पाण्यात पळी उभी करून तिची दांडी धुऊन टाका. पळ्या ठेवलेल्या नसतील तर वाहत्या पाण्यात हात धुतले तरी चालतं.

यापुढची कमान ब्राँझची आहे, 1666 मध्ये मोरी त्सुनाहिरो या सरदाराने दिलेली. आत गेल्यावर समोर दिसतं ते हाइदेन, म्हणजे प्रार्थनेचं सभागृह. जुनं 1953 मध्ये आगीत गेलं आणि आताचं 1959 मधलं आहे. तुमच्या पूजेच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर याच आगीत आहे. मागचं होन्देन 1744 मधलं लाकडी देऊळ, छपरावर हिनोकी झाडाच्या सालीचे थर. तिथं निरांजन, उदबत्ती, कापूर यातलं काहीही पेटवायचं नाही. हळद-कुंकू दगडांवर किंवा पुतळ्यांवर वाहायचं नाही, नारळ फोडायचा नाही, फुलं-फळं ठेवून यायची नाहीत. अर्पण म्हणजे पेटीत टाकलेलं नाणं. पाच येनचं नाणं शुभ मानतात, म्हणून प्रत्येकासाठी पाच-सहा सुटी नाणी आधीच जमवा, कारण छोट्या देवळांतही ती लागतात. नाणं हळूच टाका. दोरात नाणं अडकलं तर नशीब फळफळतं या समजुतीने लोक ती वर फेकत असत. तसं करू नका असं देवस्थान सांगतं, आणि फेकलेलं नाणं दुसऱ्याच्या डोक्यावर पडतं. काही विधी करायचाच असेल तर पुरोहितांकडून प्रार्थना करून घेता येते. कार्यालय साधारण साडेआठ ते साडेचार उघडं असतं, दक्षिणेचे दर फलकावर असतात. तेव्हा सभागृहात चढताना पादत्राणं काढावी लागतात. आवारात फिरताना मात्र ती पायातच राहतात, हे आई-बाबांना आधी सांगा, नाहीतर आई पहिल्याच कमानीपाशी चपला काढतील.

नमस्काराची रीत: कमरेतून खोल दोनदा वाका, छातीसमोर हात जोडून चार टाळ्या वाजवा, मनातलं मागणं मागा, एकदा वाका. जपानमध्ये बहुतेक ठिकाणी दोन टाळ्या असतात, इथं चार. 14 मेच्या मोठ्या उत्सवात पुरोहित आठ वाजवतात. आवारातल्या छोट्या देवळांनाही हीच रीत.

हाइदेनपाशी एकदा नमस्कार करून मागच्या यात्सुआशीमोनपाशी या. मुख्य नमस्कार इथला. आता खाली पाहा: फरशीवर तीन-तीन वर्तुळांचे गट आखलेले दिसतील. 2000-2001 च्या उत्खननात याच जागी प्रत्येकी सव्वा मीटरहून जाड अशी तीन सुगी (जपानी सीडर) वृक्षांची खोडं एकत्र बांधून केलेले खांब सापडले. तिन्ही मिळून एका खांबाची जाडी सुमारे तीन मीटर. ते तेराव्या शतकातले, 1248 च्या देवळाचे मानले जातात. पूर्वीचं देऊळ 48 मीटर उंच होतं ही इथली परंपरा बऱ्याच अभ्यासकांना अतिशयोक्ती वाटायची. खांब सापडल्यावर निदान पूर्वी फार भव्य बांधकाम होतं हे मान्य करावं लागलं. आताचं होन्देन 24 मीटर आहे. शेजारच्या प्राचीन इझुमो संग्रहालयात मूळ खांब आणि उंच देवळाची मोठी प्रतिकृती ठेवलेली आहे. तिथंच कोजिंदानी इथं 1984 मध्ये सापडलेल्या 358 ब्राँझच्या तलवारीही आहेत. मात्र हे संग्रहालय मोठ्या दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद ठेवलं जातं, तेव्हा आधी खात्री करा.

यात्सुआशीमोनहून उजवीकडे वळून कुंपणाच्या कडेने मागे जा. लोकांची नेहमीची वाट ही आहे, म्हणजे देऊळ डाव्या हाताला राहतं, आपल्या प्रदक्षिणेच्या उलट. तसा सक्तीचा नियम नाही. आईंना देव उजव्या हाताला ठेवूनच चालायचं असेल तर डावीकडून सुरुवात करावी, कोणी अडवणार नाही. मागे, याकुमो टेकडीच्या पायथ्याशी सोगा-नो-याशिरो. इथं सुसानोओ या देवाचा वास. वाळूचा विधी इथला. दगडी पायऱ्या थोड्याच आहेत, तरी बाबांना हात द्या. इथून होन्देनचं छप्पर सगळ्यात जवळून आणि पूर्ण दिसतं, सालीच्या थरांची जाडी लक्षात येते. दर साठ वर्षांच्या आसपास देवाला तात्पुरतं दुसरीकडे हलवून देवळाची डागडुजी करतात. अलीकडची 2008 ला सुरू झाली आणि 2013 मध्ये देव परत आत आले.

पश्चिमेच्या बाजूला एक छोटी नमस्काराची जागा आहे, ती चुकवू नका. देऊळ दक्षिणाभिमुख आहे, पण आतल्या देवाचं आसन पश्चिमेला तोंड करून आहे. म्हणजे देवाच्या समोरासमोर उभं राहायचं असेल तर ते इथं. दर्शनाची ओढ असलेल्या आपल्या माणसांना ही जागा पटकन भावते. इथं पाच मिनिटं द्या.

देव कोण, हे आई-बाबा विचारतीलच. ओकुनिनुशी, भूमी घडवणारा आणि नाती जुळवणारा देव. जखमी सशाला गोड्या पाण्यात धुऊन, पाणगवताच्या परागात लोळायला सांगून त्याने बरं केलं अशी कथा आहे, म्हणून आवारात जागोजाग दगडी ससे दिसतात. मध्ययुगात याचं दाइकोकुतेन या देवाशी ऐक्य मानलं गेलं, आणि दाइकोकुतेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर भारतातून गेलेला महाकाल. जपानमध्ये तो पोतं खांद्यावर घेतलेला, भाताच्या गोण्यांवर उभा असलेला हसरा देव झाला. घरात किंवा जवळच्या नात्यात नुकतं कोणी गेलं असेल तर साधारण पन्नास दिवस कमानीतून आत न जाण्याची प्रथा जपानी लोक पाळतात. आपल्या सुतकासारखंच, त्यामुळे आई-बाबांना समजावून सांगावं लागणार नाही.

गुडघ्यांच्या बाबतीत: एकूण चालणं दोन किलोमीटरच्या आत बसतं, पण आवारात खडी आहे. जाड तळाचे बूट हवेत. व्हीलचेअर लागणार असेल तर उताराच्या मुख्य वाटेऐवजी पश्चिमेच्या वाहनतळाकडून आत न्या, खडीत चाकं रुततात म्हणून फरसबंद भागावरच ठेवा.

हवामानाबद्दल तिकडे म्हण आहे की डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका. नोव्हेंबरात ऊन आणि सरी आलटून-पालटून येतात आणि किनाऱ्यावर वारा बोचरा असतो. दोघांना टोपी-मफलर आणि घडीची छत्री द्या.

खाण्याचं मात्र जपून. इझुमो सोबा प्रसिद्ध आहे. कुट्टूच्या पिठाच्या या शेवया टरफलासकट दळतात म्हणून काळपट असतात, आणि तीन गोल डब्यांच्या उतरंडीत वाढतात. वरून ओतायचं सार मात्र जवळजवळ नेहमी वाळवलेल्या माशाच्या अर्काचं, म्हणजे दाशीचं, असतं. ‘मांस नाही’ एवढं सांगितलं तर मासा येणारच. ‘दाशीही चालत नाही’ असं स्पष्ट सांगा आणि सार वेगळं ठेवायला सांगून शेवया मीठ किंवा किसलेल्या मुळ्याबरोबर खा. कुट्टू म्हणून उपवासाला चालेल असंही धरू नका, बहुतेक ठिकाणी त्यात गव्हाचं पीठ मिसळतात. झेंझाई, म्हणजे लाल घेवड्यासारख्या आझुकीचं गोड सार आणि त्यात तांदळाचा मोची, हे इथलंच मानलं जातं आणि आई-बाबांना आवडण्यासारखं आहे. फक्त मोची चिकट असतो, वयस्कर माणसांनी छोटे तुकडे करून, चावून खावा. देवळासमोरच्या शिनमोन-दोरी रस्त्यावरची सोब्याची दुकानं दुपारी तीनपर्यंत किंवा पीठ संपलं की बंद होतात आणि संध्याकाळी गाव शांत होतं. म्हणून दोन वेळचे ठेपले किंवा दशम्या आणि चटणी बरोबर ठेवा, आणि हॉटेल आरक्षित करतानाच रात्रीच्या जेवणाबद्दल लेखी कळवा. आयत्या वेळी सांगितलं तर छोट्या यात्रीनिवासांना खरोखरच काही करता येत नाही.